उन्हाळ्यात माणसाला न ओळखणारे कारंजे : प्रतिसादी जलउद्यानातील दरवर्षीची समस्या आणि तिचे निवारण

माणूस जवळ आला की कारंजे उसळते, तो चालू लागला की त्याच्यासोबत पुढचे नोझल सुरू होते आणि तो निघून गेला की पाणी शांत होते, अशी रचना असलेल्या जलउद्यानांबाबत खान्देशातून एकच तक्रार दरवर्षी त्याच महिन्यांत येते. थंडीत उत्तम चाललेली बाग मार्चअखेरीस अडखळू लागते. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी, ती समोरून जाणाऱ्या माणसाची दखलच घेत नाही. आणि भर दुपारी फाटक बंद असताना, आत चिटपाखरूही नसताना, कारंजी आपोआप उसळत राहतात.

या तक्रारीचे निदान बहुतेक वेळा चुकते, आणि त्याला ऋतुचक्र कारणीभूत आहे. मे महिन्यात वायरमनला बोलावले जाते, तो सेन्सर गेल्याचे सांगतो, नवे सेन्सर मागवले जातात, आणि ते बसवून होईपर्यंत पहिला पाऊस पडून हवा उतरलेली असते. बाग पूर्ववत चालू लागते आणि श्रेय नव्या सेन्सरना मिळते. पुढच्या एप्रिलमध्ये तेच सेन्सर पुन्हा आंधळे होतात, तेव्हा ‘माल हलका निघाला’ असे म्हणून आणखी महागडे सेन्सर बसवले जातात. त्या जुन्या सेन्सरपैकी बहुतेक निर्दोष असतात. दोष सुट्या भागात नाही, तर ज्या तत्त्वावर तो भाग माणूस ओळखतो त्या तत्त्वात आहे, आणि ते तत्त्व भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात लंगडे पडते. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सर्व निर्णय सोपे होतात.

सेन्सर नेमके काय पाहतो

अशा बागांत सर्रास वापरला जाणारा सेन्सर म्हणजे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड). एचसी-एसआर५०१ या नावाचे छोटे, पांढऱ्या घुमटाचे मॉड्यूल स्वस्त असल्यामुळे जवळपास प्रत्येक बागेत तेच आढळते. तो माणूस पाहत नाही, हालचालही पाहत नाही. तो पाहतो ती अवरक्त प्रारणातील, म्हणजे उष्णतेच्या किरणांतील तफावत. त्याच्या आत दोन संवेदी घटक एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात, त्यामुळे संपूर्ण दृश्य सारखेच तापले किंवा निवले तर दोघांचे संकेत एकमेकांना रद्द करतात. पांढरा घुमट हे फ्रेनेल भिंग आहे आणि ते समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडते. आसपासच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली, की दोन्ही घटकांवर पडणारी उष्णता वेगवेगळ्या क्षणी बदलते आणि त्यातून संकेत निर्माण होतो.

‘पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची’ ही अट येथे निर्णायक आहे. अनेक पीआयआर सेन्सरांच्या माहितीपत्रकात दिलेला पल्ला हा वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्यात साधारण ४ अंश सेल्सिअसचा फरक गृहीत धरून दिलेला असतो. जानेवारीच्या संध्याकाळी हवा १८ अंशांवर, फरशीही जवळपास तेवढीच आणि माणसाची त्वचा ३२-३३ अंशांवर असते. फरक भरपूर, त्यामुळे सेन्सर माणूस चटकन टिपतो. मे महिन्यात चित्र पूर्ण पालटते. दिवसभर उन्हात तापलेली काळ्या दगडाची फरशी दुपारी इतकी गरम असते की अनवाणी पाय ठेववत नाही, आणि त्या वेळी माणूस फरशीपेक्षा थंड असल्यामुळे सेन्सर त्याला उलट्या दिशेने का होईना, ओळखतो. सूर्यास्तानंतर फरशी निवत जाते. निवता निवता ती माणसाच्या कपड्यांच्या आणि त्वचेच्या तापमानापाशी येते, आणि तेवढा काळ सेन्सरच्या दृष्टीने माणूस पार्श्वभूमीत विरघळून जातो. रात्री उशिरा फरशी आणखी निवल्यावर तो पुन्हा दिसू लागतो, पण तोपर्यंत मंडळी घरी परतलेली असतात.

त्याच संध्याकाळी बागेतील पाणी मात्र सेन्सरला लख्ख दिसत असते. खान्देशचा उन्हाळा कोरडा आहे. घरोघरी साधा कूलर उत्तम चालतो तो याच कोरडेपणामुळे. हवेत उडालेल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन त्याचे तापमान हवेपेक्षा कितीतरी खाली जाते. तापलेल्या फरशीसमोर उसळणारा गार फवारा, किंवा उन्हाने भाजलेल्या भिंतीसमोर डुलणारे गार, रुंद केळीचे पान, यांच्याइतका ठळक संकेत त्या वेळी माणूस देऊच शकत नाही. दुपारी कोणी नसताना कारंजी का उसळतात, याचे उत्तर बहुधा त्या पानांत असते. गरम वाऱ्याची झुळूक थेट भिंगावर आदळली तरीही तसेच घडते.

जागेवर करावयाच्या चाचण्या

नवे सामान मागवण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिलीला केवळ माठातले पाणी लागते. बाग प्रतिसाद देत नसेल त्याच वेळी, त्याच सेन्सरसमोर दोन मीटर अंतरावर उभे राहून कोरडा हात आडवा फिरवावा आणि काय होते ते पाहावे. मग हात माठाच्या पाण्यात मनगटापर्यंत बुडवून, न पुसता, तसाच पुन्हा फिरवावा. कोरड्या हाताला गप्प राहिलेला सेन्सर ओल्या हाताला लगेच दाद देत असेल, तर सेन्सर, वायर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह हे सारे धडधाकट आहेत आणि कमतरता केवळ तापमानातील फरकाची आहे. ओल्या हातालाही दाद मिळाली नाही, तरच विजेच्या बाजूने तपासणी सुरू करावी.

हीच गोष्ट गर्दीतही दिसते, फक्त तिच्याकडे त्या नजरेने पाहायला हवे. एप्रिलच्या संध्याकाळी बागेत नुकताच शिरलेला कोरडा माणूस कारंज्यासमोरून तीनदा गेला तरी काही घडत नाही. पण आधीच चिंब भिजलेले एखादे पोर ‘पानी उनं, पानी उनं’ (पाणी आलं) करत धावत आले की त्याच्यासाठी पाणी हमखास उसळते. कारंजे लहान मुलांनाच प्रतिसाद देते असा समज त्यातून होतो आणि कोणीतरी सेन्सरची उंची कमी करतो. उंचीचा येथे काही संबंध नसतो. ओले कपडे बाष्पीभवनाने गार झालेले असतात, एवढेच.

दुसरी चाचणी उष्णता मोजण्याच्या पिस्तुलाने करावी. करोनाच्या काळात दारोदारी दिसणारी कपाळावर धरायची यंत्रे येथे चालत नाहीत, कारण ती माणसाच्या शरीराच्या तापमानापुरतीच मर्यादित असतात. मोटारीच्या इंजिनाचे किंवा पाइपांचे तापमान मोजण्यासाठी मिळणारे साधे उपकरण घ्यावे. संध्याकाळी पाचपासून नऊपर्यंत दर अर्ध्या तासाने, सेन्सर जिथून पाहतो त्याच जागेवरून, समोरची फरशी, मागची भिंत, झाडोरा आणि उभ्या माणसाचा सदरा यांचे तापमान वहीत नोंदवावे. चकचकीत स्टीलच्या रेलिंगवर उपकरण धरू नये, ते चुकीचा आकडा दाखवते. सदरा आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक ज्या वेळेत ४ अंशांच्या खाली येतो आणि ज्या वेळेत बाग रुसते, त्या दोन वेळा जुळल्या तर निदान पक्के झाले असे समजावे. ही नोंद पुढे सेन्सरची जागा निवडतानाही उपयोगी पडते, कारण एकाच बागेत काळ्या दगडाच्या पार्श्वभूमीचा आणि दाट झाडोऱ्याच्या पार्श्वभूमीचा आंधळा काळ निरनिराळा असतो.

पीआयआर ठेवायचाच असेल तर

नवीन खर्च शक्य नसेल तर असलेल्या सेन्सरकडून थोडे अधिक काम करून घेता येते. पीआयआर आडव्या हालचालीला चांगला आणि थेट त्याच्या दिशेने येणाऱ्या माणसाला मंद प्रतिसाद देतो, म्हणून तो वाटेच्या टोकाला नव्हे तर वाटेच्या बाजूला बसवावा. त्याची पार्श्वभूमी दिवसभर सावलीत राहणारी असावी. पश्चिमेचे ऊन खाणारी भिंत समोर असेल तर तिच्यावर वेल चढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाण्यापासून वाचवण्यासाठी सेन्सर ॲक्रिलिकच्या किंवा काचेच्या डबीत बंद केलेला अनेक ठिकाणी आढळतो. ती डबी डोळ्यांना पारदर्शक असली तरी उष्णतेच्या दीर्घ लहरींना अपारदर्शक असते, त्यामुळे आतला सेन्सर जन्मभर अंधारातच राहतो. घुमट उघडाच ठेवावा, वरून पावळीसारखे छज्जे द्यावे, आणि त्यावर तुषार उडून साचणारा क्षारांचा पांढरा थर ओल्या मऊ फडक्याने आठवड्याला पुसावा.

या मॉड्यूलवर तापमानभरपाईसाठी थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा भाग, जोडण्याची जागा ‘आरटी’ या खुणेने मोकळी सोडलेली असते. तेथे थर्मिस्टर लावल्यास उष्ण हवेत संवेदनक्षमता वाढते, परंतु जो फरकच अस्तित्वात नाही तो वाढवून मिळत नाही, आणि केळीच्या पानांचा गोंधळ मात्र त्याच प्रमाणात वाढतो. संवेदनक्षमतेचा स्क्रू शेवटपर्यंत पिळण्यालाही हेच लागू आहे. मे महिन्यापुरता हा मार्ग मला पटत नाही.

उष्णतेवर न विसंबणारे पर्याय

खरा उपाय म्हणजे तापमानाऐवजी दुसरे काहीतरी मोजणे. कोणता सेन्सर कोठे बसवावा हे माणूस त्या ठिकाणी काय करतो यावर ठरवावे. सबंध बागेसाठी एकच सेन्सर शोधण्याचा आग्रह सोडावा.

वाटेवरून चालणाऱ्या माणसासाठी समोरासमोर बसणारा प्रकाशझोताचा सेन्सर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एका बाजूला प्रेषक, दुसऱ्या बाजूला ग्राहक, आणि मधला अदृश्य झोत तुटला की संकेत. कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावरील खोकी मोजण्यासाठी आणि आपोआप उघडणाऱ्या फाटकांसाठी तो वर्षानुवर्षे वापरात आहे. बाहेर बसवण्याजोगे, २४ व्होल्टवर चालणारे प्रकार मिळतात. झोत तुटला किंवा नाही, एवढाच प्रश्न असल्यामुळे ४५ अंशांचा त्याला काही फरक पडत नाही. दोन पथ्ये पाळावी लागतात. मावळतीचे ऊन थेट ग्राहकाच्या तोंडावर पडले तर तो दिपतो, म्हणून ग्राहकाचे तोंड पूर्वेकडे आणि प्रेषक त्याच्या पूर्वेला अशी मांडणी करावी आणि ग्राहकाला छोटे नळीसारखे झाकण द्यावे. झोताची उंची साधारण ६० सेंटिमीटर ठेवल्यास चालायला लागलेले मूलही सुटत नाही आणि मांजर सहसा त्याखालून निघून जाते.

पाण्यातून जाणाऱ्या दगडी पायवाटेवर, म्हणजे जिथे पाऊल नेमके कोठे पडणार हे रचनेनेच ठरलेले असते तिथे, दगडाखाली लोडसेल बसवावा. वजनकाट्यात असतो तोच हा भाग, आणि प्रतिसादी बागेतला सर्वांत सुंदर अनुभव त्यातूनच मिळतो, कारण पाऊल टेकताच त्या दगडाभोवती पाणी फुलते आणि कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. त्याच्यासोबत येणारे एचएक्स७११ हे मॉड्यूल मूळ जोडणीत सेकंदाला १० वेळाच मोजमाप देते. त्याची ‘रेट’ ही पिन जोडणी बदलून वर घेतली तर सेकंदाला ८० मोजमापे मिळतात. आकडे थोडे थरथरतात, पण आपल्याला वजन नव्हे तर पाऊल हवे आहे. दगड उन्हात तापला की शून्याचा आकडा सरकतो, म्हणून कंट्रोलरमधील सूत्राने ठरावीक आकड्याशी तुलना न करता गेल्या अर्ध्या मिनिटाच्या सरासरीशी तुलना करावी.

भिंतीपाशी हात पुढे केल्यावर पाण्याचा पडदा दुभंगावा अशी रचना असेल तर अंतर मोजणारा ध्वनिलहरींचा सेन्सर वापरतात. ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो. १५ अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो आणि ४२ अंशांना सुमारे ३५६ मीटर. सूत्रात ३४० हा आकडा कायम लिहून ठेवला असेल, तर मे महिन्यात ३ मीटरवरची भिंत सुमारे १४ सेंटिमीटर जवळ आल्यासारखी भासते, आणि सीमा घट्ट आखलेली असेल तर पडदा उगाच उघडा राहतो. सोबत तापमानाचा एक सेन्सर जोडून वेग दर वेळी काढून घेणे एवढेच त्यावर पुरे आहे.

पाणी पाण्यालाच जागे करते तेव्हा

पीआयआरला कंटाळून अनेक जण रडार सेन्सरकडे वळतात, आणि तेथे नवी अडचण उभी राहते. रडार तापमानाची पर्वा करत नाही हे खरे, पण सूक्ष्मलहरी पाण्यावरून उत्तम परावर्तित होतात आणि कारंजे तर अखंड हलत असते. एकदा सुरू झालेले कारंजे स्वतःलाच माणूस समजते आणि बंद व्हायचे नाव घेत नाही. ३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारे स्वस्त मॉड्यूल याबाबतीत फारच भाबडे असते. त्याला अंतर कळत नाही, दिशाही कळत नाही, आणि पातळ भिंतीपलीकडून जाणारी म्हैसही ते टिपते.

२४ गिगाहर्ट्झचे एलडी२४१० या जातीचे मॉड्यूल घेतल्यास समोरच्या जागेचे ७५-७५ सेंटिमीटरचे टप्पे पाडता येतात आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनक्षमता वेगळी ठरवता येते. माणूस पहिल्या दोन मीटरांत आणि कारंजे त्यापलीकडे अशी मांडणी करून दूरचे टप्पे बंद करावेत. कारंजे आणि वाट यांच्यामध्ये सेन्सर उभा करून त्याचे तोंड वाटेकडे आणि पाठ पाण्याकडे ठेवावी, व पाठीमागे ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा, म्हणजे मागून येणारे परावर्तन अडते. वाऱ्याने फवारा वाटेवर उडत असेल, तर कंट्रोलरमध्ये असा नियम घालावा की व्हॉल्व्ह उघडल्यानंतर रडारच्या संकेताने वेळ वाढवायची नाही, ती वाढवण्याचा अधिकार केवळ प्रकाशझोताला किंवा लोडसेलला राहील. स्वतःच्याच पाण्याने फसणाऱ्या बागांपैकी बहुतेक या एका नियमाने सुधारतात.

पीआयआरच्या बाबतीतही हेच चक्र तयार होते हे वर आलेच आहे. तेथे कारंज्याचा सर्वांत उंच तुरा सेन्सरच्या दृष्टिक्षेपात येत नाही ना, हे पाहावे. भिंगाच्या त्या भागावर आतून काळी चिकटपट्टी लावली तरी काम भागते.

प्रतिसाद येतो, पण उशिरा

सेन्सर सुधारल्यावर दुसरी तक्रार पुढे येते. माणूस तीन पावले पुढे गेल्यावर मागे पाणी उसळते. आपल्या हालचालीमुळेच काही घडले असे माणसाला वाटण्यासाठी प्रतिसाद सेकंदाच्या लहानशा अंशात सुरू व्हावा लागतो. दोन सेकंदांनी उसळणारे कारंजे कितीही देखणे असले तरी ते आपल्यासाठी उसळले हे कोणाला कळत नाही.

बहुतेक ठिकाणी हा विलंब इलेक्ट्रॉनिक्सचा नसून पाण्याच्या बाजूचा असतो. सेन्सरच्या संकेतावर थेट पंप सुरू करू नये. पंपाने वेग घेऊन पाइप भरेपर्यंत जाणारा वेळ कोणत्याही उपायाने पुसता येत नाही. बाग सुरू असेपर्यंत पंप सतत चालू ठेवून जास्तीचे पाणी बायपासने हौदात परत सोडावे, मुख्य पाइपात दाब कायम ठेवावा आणि प्रत्येक नोझलच्या अगदी बुडाशी व्हॉल्व्ह बसवावा. व्हॉल्व्ह आणि नोझल यांच्यात चार मीटर पाइप असेल, तर तो दर वेळी रिकामा होतो आणि दर वेळी भरावा लागतो.

यापुढची अडचण खास आपल्या भागातली आहे. ठिबकचे माहेरघर असलेल्या जळगाव जिल्ह्यात २४ व्होल्टचे सिंचनाचे सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारे) व्हॉल्व्ह कोणत्याही मोठ्या दुकानात हातोहात मिळतात आणि मिस्त्री विश्वासाने तेच बसवतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ते चोख काम करतात. मात्र त्यांची रचना आतल्या रबरी पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकावर चालते. पूर्ण उघडण्यासाठी त्यांना काही किमान दाब लागतो, आणि पाइपात पाण्याचा धक्का बसू नये म्हणून ते मुद्दाम सावकाश उघडतात व मिटतात. पाणी दीड मीटर उंच उडवण्यासाठी नोझलपाशी दीड-दोन मीटर उंचीच्या पाण्याचा, म्हणजे जेमतेम ०.२ बार दाब पुरतो, आणि तेवढ्या दाबावर हा व्हॉल्व्ह अर्धवट उघडून कुरकुरत राहतो. बुटक्या, चपळ कारंज्यांसाठी शून्य दाबावर थेट कॉइलच्या ओढीने उघडणारा व्हॉल्व्हच हवा. तो महाग असतो आणि लहान आकारातच मिळतो, पण प्रत्येक नोझलला स्वतंत्र व्हॉल्व्ह देणार असू तर लहान आकारच पुरतो. असे व्हॉल्व्ह झटकन मिटत असल्यामुळे एकाच क्षणी सगळे बंद करू नयेत. कंट्रोलरने त्यांच्या मिटण्यात थोडे थोडे अंतर ठेवले की पाइपातला ठोका ऐकू येत नाही.

एचसी-एसआर५०१ ठेवलेला असेल तर त्याच्या वेळेचा स्क्रू किमान स्थितीत आणावा आणि जम्पर (जोडणी बदलण्याची छोटी टोपी) पुन्हा-पुन्हा संकेत घेणाऱ्या स्थितीत ठेवावा. एका संकेतानंतर ते मॉड्यूल सुमारे अडीच सेकंद काहीच पाहत नाही, त्यामुळे पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या माणसाचे नशीब त्यावर टांगू नये.

क्षार आणि वीज

मे महिन्यात उघड्या हौदाची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा बोअरचे जड पाणी भरतो. महिनाभरात हौदातील क्षारांचे प्रमाण वाढत जाऊन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रावर पांढरा थर बसतो व व्हॉल्व्ह अर्धवट अडकतो. यावर काय करायचे हे केळी उत्पादकाला सांगावे लागत नाही. १२० मेशचा डिस्क फिल्टर, त्याच्या दोन्ही बाजूंना दाबमापक, दोहोंतील फरक ०.५ बारपर्यंत गेला की फिल्टर धुणे, ही ठिबकची शिस्त जशीच्या तशी येथे लागू पडते. ॲसिड मात्र हौदात सोडू नये, कारण त्यात मासे आणि वनस्पती असतात. व्हॉल्व्हचा दट्ट्या काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवावा, धुवावा आणि परत बसवावा. हौदातील थोडे पाणी दर आठवड्याला काढून झाडांना घालावे आणि त्या जागी ताजे भरावे.

विजेच्या बाबतीत एक हिशेब अवश्य करावा. ६० मीटर लांब, ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या दुहेरी तारेचा रोध जवळपास २.८ ओहम भरतो, म्हणजे १ अँपिअर घेणाऱ्या १२ व्होल्टच्या व्हॉल्व्हपर्यंत ९ व्होल्टच्या आसपासच पोहोचतात. त्यात कॉइल ६० अंशांपर्यंत तापली की तांब्याचा रोध २० अंशांच्या तुलनेत सुमारे १६ टक्के वाढतो आणि ओढ आणखी घटते. हिवाळ्यात जेमतेम उचलला जाणारा व्हॉल्व्ह उन्हाळ्यात उचलला जात नाही, तो यामुळे, आणि दोष पुन्हा सेन्सरवर ढकलला जातो. जाड तार किंवा २४ व्होल्टची जोडणी हा त्यावरचा उपाय आहे. प्रत्येक कॉइलला उलट दिशेने डायोड लावावा, कंट्रोलरची पत्र्याची पेटी सावलीत हलवावी. पाण्यात किंवा पाण्याजवळ असलेले प्रत्येक उपकरण कमी दाबाच्या विजेवरच चालवावे आणि पंपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) व नीट अर्थिंग असल्याशिवाय बाग लोकांसाठी उघडू नये. येथे मुले ओल्या अंगाने वावरतात, त्यामुळे या बाबतीत तडजोडीला जागा नाही.

झाडे आणि तात्पुरती व्यवस्था

सेन्सरची जागा बदलताना वनस्पतींचीही जागा पाहावी. कुमुदिनीच्या पानाची श्वसनरंध्रे वरच्या पृष्ठभागावर असतात आणि तिला संथ पाणी मानवते. सतत तुषार पडणाऱ्या कारंज्याजवळ ती नीट फुलत नाही, हळूहळू कुजते. कुमुदिनी आणि कमळे शांत कोपऱ्यात बांध घालून वेगळी ठेवावीत व त्या कोपऱ्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. केळ आणि कर्दळ पाण्याकाठी शोभतात, पण त्यांची पाने सेन्सरच्या दृष्टिक्षेपात डोकावणार नाहीत इतक्या अंतरावर लावावीत. रुंद, ओले, हलणारे पान पीआयआर आणि रडार या दोघांनाही फसवते, आणि प्रकाशझोताच्या आड आले तर त्यालाही.

हे सर्व बदल एका उन्हाळ्यात होणे अवघड आहे. तोपर्यंत, वहीतील नोंदींवरून बागेचा आंधळा काळ कोणता ते काढून, त्या एक-दोन तासांपुरते कंट्रोलरला घड्याळावर चालवावे : कारंजी ठरावीक अंतराने आळीपाळीने उसळतील आणि सेन्सरकडे दुर्लक्ष केले जाईल. ईएसपी३२ सारख्या साध्या कंट्रोलरला घड्याळाचे मॉड्यूल जोडून हे सहज जमते. प्रकाशझोताची पहिली जोडी मुख्य प्रवेशाच्या वाटेवर बसवावी, कारण बाग आपल्याला ओळखते किंवा नाही हे येणारा माणूस तेथेच ठरवतो. उरलेल्या जोड्या पैशांच्या सोयीने पुढच्या मार्चच्या आत बसवता येतील.